एफ-४० घ्यावी की ९५९?

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्याला डॉक्टर भडकमकरांचे नाव देऊन बराच काळ लोटला, तरी संगणकाचा सुटा भाग आणावयास निघालेला माणूस 'लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो' असेच सांगून घराबाहेर पडतो. हुबळीचा लॅमिंग्टन रस्ता हाही त्याच साहेबांच्या नावाचा. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. साहेबांचे नाव रस्त्यावर राहिले. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत तिचा ह्या दोन्ही रस्त्यांशी संबंध आहे. एका रस्त्यावरून एक खेळ आला, आणि दुसऱ्या रस्त्यालगतच्या एका घरात त्याने गेल्या दिवाळीत चांगलाच वाद माजविला.

घर आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे. त्यांचे पणजोबा सदर्न मराठा रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस म्हणून घाटावरून हुबळीस आले आणि येथलेच झाले. घरात बोलणे मराठी, हिशेब कानडीत, आणि रागावणे दोन्हींत, अशी चार पिढ्यांची रीत. सन १९९१ च्या सुमारास स्नेह्यांच्या मुलासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून एक संगणक आणविला गेला. त्याबरोबर काही चकत्या आल्या, व त्यांपैकी एकीवर 'टेस्ट ड्राइव्ह'चा दुसरा भाग होता. त्याचे उपनाव 'द ड्युएल', म्हणजे द्वंद्व. मुलाचे शिक्षण त्या संगणकावर किती झाले हे आम्ही विचारीत नाही. द्वंद्वे मात्र पुष्कळ झाली. आता त्याचाच मुलगा एकोणीस वर्षांचा असून धारवाडास शिकतो. जुन्या संगणकाचे सोंग घेणारी एक आज्ञावली आजच्या यंत्रावर बसवून त्याने वडिलांचा तो खेळ पुन्हा जिवंत केला.

हा खेळ १९८९ सालचा. कॅनडातील डिस्टिंक्टिव्ह सॉफ्टवेअर ह्या मंडळींनी तो रचला व अ‍ॅकोलेड कंपनीने विकला. पुढे हीच मंडळी इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स ह्या मोठ्या कंपनीत गेली, आणि तेथे 'नीड फॉर स्पीड' ह्या गाजलेल्या खेळमालिकेचा आरंभ १९९४ साली झाला. 'द्वंद्वा'त शर्यतीचे बंदिस्त मैदान नाही. असतो तो साधा दुपदरी रस्ता. डोंगरकडेचा, वळणांचा, समोरून वाहने येणारा. पुढच्या गाडीस ओलांडावयाचे तर विरुद्ध बाजूस जावे लागते, आणि समोरून काय येत आहे ते वळणापलीकडे दिसत नाही. पोलीस पाठलाग करतात, टप्प्याच्या अखेरीस पंपावर थांबले नाही तर पेट्रोल संपते, आणि धडक बसली की समोरच्या काचेस तडे जातात. प्रारंभी एकच प्रश्न विचारला जातो. आपली गाडी कोणती? फेरारी एफ-४० की पोर्शे ९५९?

हा प्रश्न त्या घरात खेळापुरता राहिला नाही, ह्याचे कारण निराळे होते. नातवास मोटारसायकल हवी होती. आमचे स्नेही ती घेऊ देण्यास तयार नव्हते. "चिगरी आहे की," एवढेच त्यांचे उत्तर. हुबळी-धारवाडच्या दरम्यान स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या बसगाडीस चिगरी म्हणतात. कानडीत चिगरी म्हणजे हरिण. नातवाचे म्हणणे असे की, हरिण ठराविक थांब्यावरच थांबते आणि महाविद्यालय त्या थांब्यापासून दूर आहे. हे म्हणणे खोटे नव्हते. परंतु स्नेह्यांचे धाकटे बंधू ह्या दोन शहरांच्या बाहेरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या बाह्यवळणावर गेले. एका मालमोटारीस ओलांडताना समोरून दुसरी आली. तो बाह्यमार्ग सुमारे तीस किलोमीटरांचा. अलीकडे-पलीकडे रुंद महामार्ग असताना मधला हा तुकडा वर्षानुवर्षे दुपदरीच राहिला होता. जानेवारी २०२१ मध्ये इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याच्या मैत्रिणींची गोव्यास निघालेली लहान बस व एक टिप्पर समोरासमोर आदळले, तेव्हा त्या रस्त्याचे नाव साऱ्या देशाने ऐकले. रुंदीकरणाचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. स्नेह्यांच्या घरी त्या बातमीनंतर दोन दिवस कोणी दूरदर्शन लावले नव्हते.

तर अशा घरात नातू पडद्यावर दुपदरी रस्ता मांडून बसला होता, आणि आजोबा मागे खुर्ची ओढून पाहत होते.

दोन्ही गाड्यांचा पूर्वेतिहास येथे थोडा सांगावा लागेल, कारण त्यातच त्यांचे स्वभाव आहेत. पोर्शे कंपनीने ९५९ ची कल्पना प्रथम १९८३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. 'ग्रुप बी' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिवेगवान रॅलींसाठी ती योजिली होती. ते रॅलींचे प्रकरण भीषण अपघातांमुळे १९८६ नंतर बंदच झाले. पण त्याच वर्षी पॅरिस-डकारच्या वाळवंटी शर्यतीत ९५९ ने पहिला व दुसरा असे दोन्ही क्रमांक पटकाविले. पहिल्या गाडीचे सारथ्य रने मेट्झ ह्यांचे, दुसरीचे जॅकी इक्स ह्यांचे. सहा सिलिंडरांचे, तीन लिटरांहून थोडे लहान इंजिन, ४५० अश्वशक्ती, आणि ती शक्ती चारही चाकांना मिळणार. कोणत्या चाकास किती द्यावयाची हे संगणक ठरविणार. तिची जमिनीपासूनची उंची कमीअधिक करता येई, टायरांतील हवा कमी झाल्यास सूचना मिळे, आणि आसनांवर कातडे होते.

फेरारी १९८७ साली आली. कंपनीस चाळीस वर्षे झाली म्हणून एफ-४०. एन्झो फेरारी ह्यांच्या हयातीत व त्यांच्या पसंतीने निघालेली ही अखेरची नवी गाडी. १४ ऑगस्ट १९८८ रोजी नव्वदाव्या वर्षी ते वारले. आठ सिलिंडरे, ४७८ अश्वशक्ती, आणि ती सारी मागच्या दोन चाकांवर. गाडीत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार आतून उघडावयास मूठ नाही. एक दोरी ओढावयाची. ब्रेकला साहाय्यक यंत्रणा नाही. स्टिअरिंग आपल्या बाहुबळावर फिरवावयाचे. ह्या गाडीला आमच्या मते एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि ती तिला फार चांगली ठाऊक आहे. ताशी ३२४ किलोमीटर हा तिचा कमाल वेग. ९५९ चा ३१७. उलट उभ्या जागेवरून शंभरावर पोहोचण्यास ९५९ ला चार सेकंदांहून कमी लागत, फेरारीला किंचित अधिक.

नातवाने अर्थातच एफ-४० निवडली. "सात किलोमीटर जास्त आहेत, आबा," तो म्हणाला.

"ते सात तुला कोठे मिळणार? मध्ये ट्रक आहे ना."

आम्हांस हे उत्तर मोठे मार्मिक वाटले. कमाल वेग हा मोकळ्या रस्त्याचा हिशेब आहे. दुपदरी रस्त्यावर प्रश्न पडतो तो निराळाच: आपण उजवीकडे निघालो, समोर दिवे दिसले, आता पायाखालची शक्ती मागितल्या क्षणी येईल की नाही? येथे दोन्ही गाड्यांत मोठा फरक आहे. दोहोंच्या इंजिनांना टर्बो दोन-दोन. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे हे पंखे इंजिनात अधिक हवा कोंबतात. फेरारीचे दोन्ही एकदमच कामास लागतात. त्यामुळे इंजिनाचे फेरे कमी असता पायाने कितीही दाबले तरी ती क्षणभर विचारात पडल्यासारखी राहते, आणि मग लाथ मारल्यासारखी झेपावते. पोर्शेत आधी एकच टर्बो फिरतो व वेग वाढला की दुसरा त्यास येऊन मिळतो, त्यामुळे जोर सुरुवातीपासून सलग येतो. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या खेळात हे सारे बारकावे उतरले असतील अशी अपेक्षा कोणी धरू नये. पण योग्य गिअर न धरता ओव्हरटेक करावयास जाणाऱ्याची फजिती तो खेळ पुरेपूर करतो.

पहिल्या संध्याकाळी काचेस नऊ वेळा तडे गेले. आम्ही मोजीत नव्हतो. आजोबा मोजीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलांची गोष्ट काढली. त्यांच्या आजोळी दोन जोड्या असत. एक खिलारांची: देखणी, चपळ, शर्यतीच्या छकड्याला जुंपावी तर तीच. दुसरी कृष्णाकाठच्या थोराड बैलांची, काळ्या जमिनीत खोल नांगर ओढणारी. मामा बाजारास एकटे निघाले म्हणजे खिलार जोडीत. लेकुरवाळी माणसे गाडीत असली म्हणजे दुसरी जोडी बाहेर निघे. "खिलार वाईट म्हणून नव्हे," स्नेही म्हणाले, "त्याला मामांचा हात माहीत होता. दुसऱ्याने कासरा धरला की ते उधळे."

"म्हणजे मला गाडी चालविता येत नाही असे म्हणा ना!" नातू उसळून म्हणाला, व त्याने आमच्याकडे वळून विचारले, "तुम्हीच सांगा, आजोबा. कोणती घ्यावी?"

अशा वेळी मध्यस्थाने गुळमुळीत बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही तसे केले नाही. ज्याला गाडीवरील आपली मालकी सिद्ध करावयाची आहे त्याने एफ-४० घ्यावी, आणि ज्याला तिसऱ्या टप्प्याच्या पंपापर्यंत पोहोचावयाचे आहे त्याने ९५९. गाडी निवडताना स्वतःचे कौशल्य मोजू नये, आपली खोड कोणती आहे ती पाहावी, असे आम्ही स्पष्टपणे सांगितले. नातवाची खोड दिसतच होती. तो ओव्हरटेकला उशिरा निघत नसे, लवकरही निघत नसे. एकदा निघाल्यावर तो मागे येत नसे. समोर गाडी दिसली तरी वेग वाढवूनच सुटका होईल असा त्याचा विश्वास. एफ-४० हा विश्वास वाढविते. आमचे हे बोलणे नातवास आवडले नाही, आणि आजोबांस इतके आवडले की आम्हांस थोडा संकोच वाटला.

ह्यावर नातवाने एक पैज मांडली. तिन्ही टप्पे, एकही धडक न होता, सलग तीन वेळा. गाडी त्याच्या पसंतीची. जमले तर मोटारसायकल, नाही तर वर्षभर चिगरी. आजोबांनी पैज मान्य केली नाही. "खेळातल्या रस्त्यावर माझा भाऊ गेलेला नाही," असे म्हणून ते उठून आत गेले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. पडद्यावरची गाडी मात्र रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभी होती.

इतका वेळ सुनबाई चकल्या तळीत होत्या. त्या स्वतः रोज स्कूटरवरून नोकरीस जातात, ही गोष्ट ह्या साऱ्या चर्चेत कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. हात पुशीत बाहेर येऊन त्यांनी मुलास विचारले, "वेग, वेग काय चालले आहे दोन दिवस? ह्या दोन्हींचे ब्रेक कसे आहेत, ते सांग."

आम्हांस सांगणे भाग पडले. जोराने ब्रेक दाबला असता चाक जखडून गाडी घसरू नये म्हणून जी योजना असते, जिला आता सर्वजण एबीएस म्हणतात, ती ९५९ मध्ये होती. एफ-४० मध्ये नव्हती. ऐंशीच्या दशकात ती मोठ्या गाड्यांची चैन होती. आपल्या देशात १२५ सी.सी.हून अधिक शक्तीच्या नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली; त्याहून लहान गाड्यांना, एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांना लागेल एवढी व्यवस्था असली तरी चालेल, असा तेव्हाचा नियम होता. नातवास हे ठाऊक होते. त्याने निवडून ठेवलेली मोटारसायकल कोणती, तिला एबीएस एका चाकास की दोन्ही, हे त्याच्या आईने तेव्हा प्रथम विचारले. एकाच, पुढच्या चाकास. त्याच पैशांत, दिसावयास साधी आणि वेगाने थोडी उणी अशी दुसरी होती, तिला दोन्ही चाकांस. ती त्याने पाहिली होती व बाजूस सारली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा नातू ९५९ घेऊन खेळत होता. आपण हरलो असे त्याने म्हटले नाही, आम्हीही विचारले नाही. गाडी तीच, रस्ता तोच. पण एका ट्रकच्या मागे तो जवळजवळ मिनिटभर निमूट राहिला, डावीकडे निघाला, समोर काही दिसताच पुन्हा ट्रकच्या मागे आला. संगणकाची फेरारी तेवढ्यात पुढे निघून गेली. तो टप्पा तो हरला. काच शाबूत होती.

आजोबा दाराशी उभे राहून पाहत होते. ते आत आले, खुर्चीवर बसले, आणि मेजावर पडलेली दुसऱ्या मोटारसायकलची माहितीपत्रिका त्यांनी उचलली. चष्मा लावला. कमाल वेगाचे पान उलटून टाकले, ब्रेकांचे पान दोनदा वाचले, नंतर इंजिनाच्या पानावर बोट ठेवून नातवाकडे पाहिले.

"ह्याला टर्बो नाही ना?"