पाणलोटाचा निधी : आधी माथा, आधी मोजणी

पुसदच्या डोंगराळ भागात पाणलोटाच्या कामांसाठी गावाला मिळणारा निधी थोडा असतो आणि मागणी फार. मग पैसा नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याकडे वळतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. वरची माती अडवली नसेल तर तोच बंधारा गाळाने भरतो. म्हणून ‘माथा ते पायथा’ हा क्रम सोडू नका: आधी सलग समतल चर, मग अनघड दगडी बांध, बंधारा शेवटी.

यवतमाळ जिल्ह्यात २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून कामे ठरवली गेली. तुमचे गाव त्यात नसले तरी ही पद्धत उचलता येते.

देखरेख म्हणजे कामाचे फोटो नव्हेत. काम सुरू होण्याआधीच पाच-सहा विहिरी निवडा. त्यांतल्या दोन शेजारच्या, काम नसलेल्या ओढ्याकाठच्या, पण तशाच जमिनीतल्या असाव्यात. चांगल्या पावसात सगळ्याच विहिरी चढतात आणि श्रेय बंधाऱ्याला मिळते. खरा परिणाम या दोन गटांतल्या फरकात दिसतो. काठावर रंगाची खूण करून तिथून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजा. दर महिन्याला ठरल्या तारखेला, सकाळी मोटार सुरू होण्याआधी.

बहुतेक ठिकाणी नोंदवही काम संपल्यावर उघडलेली मी पाहिली आहे. तेव्हा तुलनेला काही उरत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी पुढच्या कामाची शिफारस करण्याआधी ही वही मागावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी.