लक्ष्मी सगळं ऐकते!

‘‘लक्ष्मीसमोर पगाराचं बोलू नकोस!’’

मामानं दबक्या आवाजात दम दिला, तेव्हा मी चहाचा कप घेऊन गोठ्याच्या दारात उभी होते. लक्ष्मी म्हणजे मामाची एचएफ गाय. संगमनेरजवळच्या गावी वीकेंडला मस्त रिलॅक्स व्हायचं म्हणून पुण्याहून गेले, तर इथे चक्क हेरगिरीचं प्रकरण!

मामाची थिअरी साधी आहे. जनावरांच्या कानात तो पिवळा बिल्ला आला आणि सरकार गोठ्यातलं सगळं ऐकायला लागलं. पुरावे? एक, बिल्ला कानातच का? शेपटीला का नाही? दोन, गाय व्यायली की चार दिवसांत लसीकरणाबद्दल फोन येतो. तीन, लक्ष्मी दुपारी रवंथ करत नाही, रिपोर्ट पाठवते. ‘‘म्हैस तेवढी फुटलेली नाही,’’ मामा म्हणाला, ‘‘ती कुणाचंच ऐकत नाही.’’

हसू नका! असले उद्योग खरोखर झालेत. 1960च्या दशकात अमेरिकेच्या सीआयएनं एका मांजराच्या शरीरात माइक आणि ट्रान्समीटर बसवला होता. मांजरच ते, सांगितल्या जागी जाईल तर शप्पथ! 1967मध्ये प्रोजेक्ट गुंडाळावा लागला. आपणही मागे नाही. मे 2023मध्ये मुंबईत एक कबूतर चीनचा हेर असल्याच्या संशयावरून पकडलं गेलं. आठ महिन्यांनी त्याची सुटका झाली. बिचारं तैवानचं शर्यतीचं कबूतर निघालं!

तर मी लक्ष्मीचा कान धरून बिल्ला नीट पाहिला. प्लास्टिक. वर बारकोड आणि 12 आकडी नंबर, अगदी आपल्या आधारसारखा. ना बॅटरी, ना माइक, ना जीपीएस. हा नंबर ‘भारत पशुधन’ अ‍ॅपमध्ये जातो. तिथे गाईची जात, वय, लसी, रेतन आणि मालकाची नोंद असते. लाळ्या-खुरकूतची लस कुणाला दिली, कुणाची राहिली, हे कळायला त्याचा खराच उपयोग होतो. थोडक्यात, लक्ष्मी काहीही ऐकवत नाही. माहिती फॉर्ममधूनच जाते आणि ती देतो मामा!

हे सगळं मी मोठ्या ऐटीत समजावलं. मामा हसला आणि मग खरी गोष्ट बाहेर आली.

2024मध्ये राज्यात गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर झालं. बिल्ल्याची ऑनलाइन नोंद ही त्याची अट होती. नेमका तेव्हाच लक्ष्मीचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून तुटला. नवा मारून नंबर चढेपर्यंत मामाच्या चकरा सुरू. गाय दावणीला उभी, दूध रोज डेअरीत जातंय, पण कॉम्प्युटरवर गायच नाही. ‘‘फोटो दाखवला, डेअरीच्या पावत्या दाखवल्या. म्हणाले, नंबर दाखवा. अगं, एवढे हेर ठेवलेत ना यांनी? मग उभी गाय कशी दिसत नाही?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला भीती वाटते सरकार सगळं बघतंय याची. मामाचं दुःख उलटंच होतं. बिल्ला गेला तेव्हा कुणी बघतच नव्हतं. ते पैसे त्याला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. थिअरी मात्र मिळाली, आणि ती तो येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर फुकट देतो.

रविवारी निघताना मी लोकेशन ऑन केलं, कॅब बुक केली, लक्ष्मीबरोबरचा सेल्फी अपलोड केला. सगळं स्वतःहून, कुणीही कानात बिल्ला न मारता.

मामा गोठ्यात वाकून लक्ष्मीच्या कानाशी बोलत होता, ‘‘साहेब, पाहुण्या निघाल्या पुण्याला. नोंद करून घ्या. आणि तेवढं अनुदानाचं बघा की!’’