आधी हात तयार करा, मग यंत्रे

२०२४च्या मे महिन्यात श्याम बेनेगल यांचा 'मंथन' कान महोत्सवात नव्या झळाळीने दाखवला गेला. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून १९७६ साली उभा केलेला हा चित्रपट पुढच्याच महिन्यात आपल्याकडच्या पडद्यांवरही पुन्हा लागला. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. स्कॅनर इतके उत्तम झालेत, आता 'एआय'ही हाताशी आहे, मग डब्यांमागून डबे यंत्रात घालून सगळेच जुने चित्रपट का वाचवून टाकत नाहीत? उत्तर सरळ आहे. डबा उघडल्यापासून फिल्म स्कॅनरवर चढेपर्यंतचे सगळे काम माणसाच्या हातांचे आणि डोळ्यांचे असते, आणि ते शिकलेली माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

डब्यात काय दडलेले असू शकते, ते आधी पाहू. १९५०च्या सुमारापर्यंतचे बहुतेक चित्रपट नायट्रेट फिल्मवर आहेत. हा पदार्थ गनकॉटनच्याच कुळातला. जळायला लागणारा ऑक्सिजन तो स्वतःच पुरवतो, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहतो. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठीला आग लागली आणि 'प्रभात'सह आपल्या सुरुवातीच्या सिनेमाचा फार मोठा ठेवा त्यात गेला.

नायट्रेटच्या जागी ॲसिटेट फिल्म आली. तिला 'सेफ्टी फिल्म' म्हणतात. ती भडकत नाही, पण कुजते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा दर्प नाकात शिरतो. हेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते, शिवाय त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. नासका आंबा अढी नासवतो, तसे एक रीळ अख्खे कपाट नासवते. या दुखण्याची कोडॅक कंपनीकडे गेलेली पहिली तक्रार भारत सरकारची होती! १९४८ साली ट्रायॲसिटेट फिल्म बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आत आपल्या हवेने तिचा दोष उघडा पाडला. पुढे अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात 'इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट'ने याचे गणित मांडले. २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या फिल्मला हा रोग जडायला साधारण चाळीस वर्षे लागतात. मुंबईचा जुलै आठवा, म्हणजे आपल्याकडे ही मुदत किती आखडते ते वेगळे सांगायला नको. याच संस्थेने डब्यात ठेवायच्या कागदी पट्ट्या तयार केल्या. पट्टी निळी राहिली तर फिल्म ठणठणीत, पिवळी पडली तर रोग बळावलेला.

आता तपासणीच्या टेबलाशी बसू. दोन बाजूंना हाताने फिरवायच्या चकत्या, मध्ये खालून उजळलेली काच आणि डोळ्याला भिंग. शिकाऊ माणसाला इथे आधी शिकवतात ते चित्राकडे नव्हे, कडेकडे पाहायला. कोडॅक आपल्या फिल्मच्या कडेला वर्षाची खूण छापत असे. १९१६ला वर्तुळ, १९१७ला चौकोन, १९१८ला त्रिकोण. दर वीस वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येत. म्हणजे नुसते वर्तुळ दिसले तर फिल्म १९१६ची, १९३६ची किंवा १९५६चीही असू शकते. बाजूला ध्वनिपट्टी असेल तर १९१६ बाद. उरलेला निवाडा फिल्म नायट्रेट आहे की ॲसिटेट, यावर.

खरी मेख पुढे आहे. छपाई करताना निगेटिव्हच्या कडेवरचा मजकूरही प्रिंटवर उतरू शकतो. प्रिंटवरची अक्षरे काळी असतील तर ती त्याच फिल्मची. पारदर्शक असतील तर जिच्यावरून छपाई झाली त्या निगेटिव्हची. कडेला 'सेफ्टी' असे पारदर्शक अक्षरांत दिसले म्हणून ते रीळ निर्धास्तपणे इतरांत ठेवले आणि प्रत्यक्षात ती नायट्रेट निघाली, तर सगळी कोठी धोक्यात. हा फरक ओळखणारी नजर टेबलाशी बसूनच तयार होते.

मग दुरुस्ती. हजार फुटांचे रीळ पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटे चालते, पण त्याच्या दोन्ही कडांना मिळून १ लाख २८ हजार छिद्रे असतात. फिल्म आक्रसली की छिद्रांमधले अंतर यंत्राच्या दात्यांशी जुळेनासे होते आणि कड फाटत जाते. फाटलेले प्रत्येक छिद्र हाताने सांधायचे, जुन्या चिकटपट्ट्यांचा डिंक काढायचा, उसवलेले जोड नव्याने घालायचे. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळली. पुढे बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' प्रयोगशाळेत त्या कडक झालेल्या फिल्मला रसायनांनी पुन्हा मऊ केले आणि सुमारे हजार तास हातांनी दुरुस्ती केली. 'फोर के' स्कॅनरची पाळी त्यानंतर आली.

या कामातला आपला सर्वात मोठा गुरू म्हणजे पी. के. नायर. १९६४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ते पुढच्याच वर्षी रुजू झाले आणि १९९१पर्यंत तिथे होते. दादासाहेब फाळक्यांचे नाव घराघरांत आहे, पण त्यांचा सिनेमा आज डोळ्यांनी पाहता येतो याचे श्रेय नायरांना आपण अजून पुरेसे देत नाही. फाळके कुटुंबाकडून त्यांनी उरलेसुरले तुकडे मिळवले. १९१९चा 'कालिया मर्दन' असाच तुकड्यांत होता. फाळक्यांच्या वहीतल्या दृश्यांच्या नोंदी पुढ्यात घेऊन नायरांनी तो क्रमाने जुळवला. कुठला तुकडा कुठे बसतो हे कळायला सिनेमा आणि फिल्म दोन्ही वाचता यावी लागते. नायरांना ती यायची.

नायरांवर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट करणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ साली मुंबईत 'फिल्म हेरिटेज फाउंडेशन' स्थापन केले. चित्रसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मदतीने २०१५पासून त्यांच्या कार्यशाळा होत आहेत. आधी मुंबई, मग पुणे, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद. परदेशी तज्ज्ञ येतात, शेजारी देशांतली मुलेही शिकायला येतात. हे काम फार मोलाचे आहे. तरी आठवडा-दीड आठवड्यात माणूस जाणकार होईल, कारागीर होणार नाही. रॉचेस्टरमध्ये १९९६पासून याचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालू आहे.

म्हणूनच स्कॅनिंगचा नुसता गाजावाजा खटकतो. स्कॅन झाले म्हणजे चित्रपट कायमचा वाचला, असे मुळीच नाही. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने २००७ साली हिशेब मांडला होता. 'फोर के' डिजिटल मूळ प्रत सांभाळायचा वार्षिक खर्च फिल्म सांभाळण्याच्या जवळपास बारापट येत होता. डिजिटल प्रत ठरावीक वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवत राहावी लागते. आणि 'एआय' जेव्हा धूसर चेहऱ्यावर नवे तपशील भरते, तेव्हा छायालेखकाने कधीच न टिपलेले काहीतरी आपण पाहत असतो. नीट जपलेली मूळ फिल्म असली, तर उद्या अधिक चांगल्या यंत्राने तिच्याकडे पुन्हा जाता येते.

पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालय आहे आणि फिल्म इन्स्टिट्यूटही आहे. तपासायला रिळे आहेत, शिकायला उत्सुक मुले आहेत. वर्षभराचा, हाताने काम करायला लावणारा आणि शेवटी पक्की नोकरी देणारा अभ्यासक्रम सुरू करायला याहून योग्य जागा देशात नाही. जुन्या चित्रपटांसाठी सरकार कोट्यवधी रुपये मंजूर करते. त्यातला ठसठशीत वाटा या शिक्षणावर खर्च व्हायलाच हवा.

तोवर आपणही एक करू शकतो. आजोबांचे फिरते टॉकीज असेल, माळ्यावर डबे पडले असतील, तर ते भंगारात घालू नका आणि हौसेने प्रोजेक्टरवरही चढवू नका. विजेच्या बोर्डापासून, उन्हापासून दूर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा आणि लगेच संग्रहालयाला कळवा. डब्यावरचे लेबल पुसले गेले असले तरी कळवा. शिकलेला माणूस ते रीळ कडेवरून ओळखेल.