आयरिश तिकडचे, वऱ्हाडी इकडचे: गाव सुटलेल्यांच्या गमती

पुण्यात आपल्या मालेगावचा पोरगा कुणाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "मालेगाव? नाशिकचं का?" "नाही जी, वाशीमचं. मालेगाव जहांगीर." मग शिरपूर जैनचं नाव निघतं, डव्ह्याच्या यात्रेतल्या पुरी-भाजीच्या पंगतीची आठवण निघते आणि समोरचा वऱ्हाडातलाच असेल तर गप्पा थेट रोडग्यांवर येतात. गावात असताना गाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेर पडलं की लागतं, आणि सांगता सांगता ते जास्तच आपलं होतं. या बाबतीत जगात आयरिश लोकांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्या गोष्टीत आपली मराठी माणसंही मध्येच भेटतात.

१८४१ साली आयर्लंडच्या बेटावर ८० लाखांहून जास्त लोक राहत होते. १८४५मध्ये बटाट्यावर करपा आला. करपा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण तिथल्या गरिबाचं रोजचं पोटच बटाट्यावर होतं. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं गेली आणि तेवढीच जहाजात बसून देशोधडीला लागली. बेटाची लोकसंख्या अजूनही १८४१च्या आकड्याला पोचलेली नाही. एकट्या अमेरिकेत मात्र आपलं मूळ आयरिश असल्याचं सांगणारे तीन कोटींच्या वर आहेत.

आता त्यांच्या सणाचं बघा. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये १७६२पासून निघते, डब्लिनमधली सरकारी मिरवणूक १९३१ची. शिकागोत तर १९६२पासून त्या सणाला नदीच हिरवी रंगवतात. अमेरिकेत त्या दिवशी खास आयरिश म्हणून खारवलेलं गोमांस आणि कोबी खातात. मायदेशी कोबीसोबत डुकराचं मांस असे. न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांनी ज्यू खाटकांकडे मिळेल ते घेतलं आणि तीच परंपरा झाली. मला ही परंपरा नकली वाटत नाही. सण जपायचा म्हणून हाताशी होतं त्यातून त्यांनी तो उभा केला.

आणि आता आपला माणूस. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर १९६०च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे त्यांना मिरियम भेटल्या. त्या आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनच्या, पेशाने नर्स. म्हणजे दोघंही परदेशी, दोघांचंही गाव समुद्रापलीकडे! त्यांचा मुलगा लिओ १९७९ साली डब्लिनमध्ये जन्मला, वडिलांसारखाच डॉक्टर झाला आणि जून २०१७मध्ये, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, आयर्लंडचा पंतप्रधान झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या देशाने आपली पोरं बाहेर पाठवली, त्या देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर बाहेरून आलेल्याचा मुलगा बसला. डिसेंबर २०१९मध्ये लिओ वराडकर आईवडिलांना घेऊन वराडला आले, तेव्हा अख्खं गाव स्वागताला उभं होतं. डब्लिनच्या संसदेत ज्या गावाचं नाव आडनावातून रोज घेतलं जात होतं, ते गाव त्यांनी तेव्हा घरच्यांसोबत पाहिलं.

उलट दिशेनेही माणसं आली. डब्लिनजवळ १८५१ साली जन्मलेल्या जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातल्या भाषांचं भलंमोठं सर्वेक्षण केलं. त्याचा १९०५चा सातवा खंड मराठीचा, आणि त्यात आपल्या वऱ्हाडीचीही नोंद आहे.

नावात गाव घेऊन सगळ्यात लांबचा पल्ला गाठला तो बेने इस्राएल लोकांनी. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ज्यू. म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं. १९४८नंतर ते इस्रायलला गेले. तिथे धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली, तेव्हा त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४मध्ये संसदेकडून बरोबरीचा हक्क मिळवला. भारतात ज्यू आणि इस्रायलमध्ये मराठी, अशी दुहेरी ओळख त्यांनी ठामपणे सांभाळली. डिमोना, लोद, अशदोद या गावांत 'मायबोली' हे मराठी नियतकालिक वाचलं गेलं. शुभकार्याला आजही मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे आभार. या प्रेषिताच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा. पोहे कोकणातले, प्रेषित बायबलातला, आणि ताटात दोन्ही एकत्र. मला यांच्याइतका अभिमान दुसऱ्या कोणत्याच परदेशस्थ मराठी समाजाचा वाटत नाही.

मॉरिशसला मराठी माणसं गेली ती उसाच्या मळ्यांवर राबायला, करारावर, बहुतेक रत्नागिरीकडची. घरात आता क्रिओल बोललं जातं, पण शाळेत मराठी शिकता येते आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. याला जोड आहे कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटाची: तिथे १७ मार्चला सरकारी सुट्टी असते, आयरिश पूर्वजांसाठी आणि १७६८मध्ये त्याच दिवशी झालेल्या गुलामांच्या उठावासाठीही.

शेवटी कागदपत्रांची गोष्ट, कारण घरोघरी पोरं बाहेर जाऊ लागली आहेत. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मले असतील, तर नातवाला नाव नोंदवून आयरिश नागरिक होता येतं. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं भारताचं ओसीआय कार्ड एक पिढी पुढे जातं, पणतवंडांपर्यंत. आणि मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी मार्च २०२५मध्ये ते सातव्या पिढीपर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. या कार्डावर व्हिसाशिवाय कितीही वेळा येता येतं, घर घेता येतं. मतदान करता येत नाही. आणि पूर्वजांच्या गावी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली, तर मात्र चालते.