ऑपरेशनच्या जागी आलेला हर्निया: शस्त्रक्रिया कधी आणि कशी?

पोटाच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जुन्या व्रणाजवळ फुगवटा दिसू लागतो. खोकल्यावर तो वाढतो, आडवे झाल्यावर आत जातो. हा ‘इन्सिजनल हर्निया’ असू शकतो. वरची त्वचा भरून आलेली असते, पण खालचा स्नायूंचा थर नीट सांधलेला नसतो. त्या फटीतून चरबी किंवा आतडे बाहेर येते. जखमेत पू झालेल्यांना, तसेच लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान किंवा जुनाट खोकला असणाऱ्यांना याचा धोका जास्त असतो.

ऑपरेशन करावेच लागते का?

औषधाने, मालिशने किंवा व्यायामाने ही फट बुजत नाही. पट्ट्याने आधार मिळतो, हर्निया बरा होत नाही. त्रास नसेल आणि इतर आजारांमुळे भूल देणे धोक्याचे असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येते. फुगवटा दुखत किंवा वाढत असेल तर सर्जनना लवकर भेटा.

जाळी कशासाठी?

नुसते टाके घातले तर कमकुवत जागेवर ताण येऊन हर्निया परत होऊ शकतो. नेदरलँड्समधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन वर्षांत तो नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के, तर जाळी बसवल्यावर २४ टक्के रुग्णांत परतला. म्हणून बहुतेकांना जाळी बसवतात. ऑपरेशन उघड्या पद्धतीने किंवा दुर्बिणीतून होते. हर्निया मोठा असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. नंतर जखमेत पाणी साठणे, जंतुसंसर्ग किंवा काही दिवस दुखणे, असा त्रास होऊ शकतो.

तुमची तयारी

- बिडी, सिगारेट किमान ४ आठवडे आधी बंद करा.
- साखर आटोक्यात आणा, वजन कमी करा.
- खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर लागणे यांवर आधी उपचार घ्या.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

ऑपरेशननंतर चालणे लवकर सुरू करा. पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर असे जड वजन सर्जनच्या परवानगीशिवाय उचलू नका. जाळी बसवली तरी हर्निया परत होऊ शकतो, म्हणून वरची पथ्ये पुढेही पाळा.

तातडीने रुग्णालयात जा

फुगवटा कडक होऊन आत जात नसेल, खूप दुखत असेल, त्यावर लाली आली असेल, उलट्या होत असतील किंवा शौच व गॅस थांबले असतील, तर आतडे अडकलेले असू शकते. फुगवटा जोराने दाबू नका, काही खाऊ-पिऊ नका. अशा वेळी सकाळपर्यंत थांबणेही महागात पडू शकते.