ड्रिल घ्यावें कीं इम्पॅक्ट ड्रायव्हर?

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना वादळाचे पंचनामे आम्हांस पुष्कळ लिहावे लागले. पत्रे किती उडाले, त्यांची लांबी किती, किंमत किती, हे सर्व रकाने त्यांत असत. पत्रे कां उडाले, हा रकाना मात्र नसे. वाऱ्याचा जोर हें कारण उघडच आहे. परंतु पत्रे बसविणाऱ्याच्या हातांत कोणतें यंत्र होतें, हेंहि एक कारण असूं शकतें, हें आम्हांस निवृत्त होऊन शेतीवर राहावयास आल्यावर समजलें. आणि तेंहि स्वतःच्या नुकसानीनें समजलें.

दोन वर्षांपूर्वीं चैत्रांत आमच्या कांदाचाळीवर नवे पत्रे घालावयाचे होते. धाकट्या बंधूंनीं शेजाऱ्याकडून इम्पॅक्ट ड्रायव्हर मागून आणला आणि लोखंडी चौकोनी नळ्यांवर सर्व पत्रे एका दिवसांत कसून टाकले. त्या त्वरेचें आम्हांस कौतुकच वाटलें. पुढें मृगाच्या पहिल्याच सरींत चाळ जागोजाग गळूं लागली. शिडी लावून पाहिलें, तों स्क्रूखालील रबरी वायसर चिरडून कडेनें फाटलेले, आणि कित्येक स्क्रू तर नुसत्या बोटांनीं फिरत होते. चार-पांच क्विंटल कांदा सडला. पाऊस राहिला, पण त्या स्थितींत वारा सुटला असता तर आमच्याच चाळीचा पंचनामा लिहिण्याची पाळी दुसऱ्या कारकुनावर आली असती. दोष यंत्राचा नव्हता. एका कामाचें यंत्र दुसऱ्या कामास लावल्याचा तो परिणाम होता.

हल्लीं तालुक्याच्या गांवीं हार्डवेअरच्या दुकानांत हीं दोन्हीं यंत्रें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात. दोहोंचा आकार पिस्तुलाचा, दोन्हीं बॅटरीवर चालणारीं. यास्तव तीं एकच असावींत असा समज होतो. तो दूर करण्याकरितां दोहोंची आंतील रचना प्रथम सांगतों.

ड्रिल म्हणजे सुताराच्या सामत्याचीच सुधारलेली आवृत्ति होय. अमेरिकेंतील ब्लॅक ॲण्ड डेकर कंपनीनें पिस्तुलाची मूठ व बोटानें दाबावयाची कळ असलेल्या विजेच्या ड्रिलचें पेटंट १९१७ सालीं मिळविलें, आणि त्याच कंपनीनें १९६१ सालीं तारेवांचून बॅटरीवर चालणारें ड्रिल बाजारांत आणलें. ड्रिलच्या तोंडाशीं तीन जबड्यांचा चक असतो. तो १० किंवा १३ मिलिमीटर जाडीपर्यंतचें बिट धरतो. बहुतेक ड्रिलांस दोन वेग असतात. मिनिटास सुमारें ४०० ते ५०० फेऱ्यांचा सावकाश वेग लोखंडास व जाड बिटास, आणि १५०० ते २००० फेऱ्यांचा जलद वेग लांकडास व बारीक भोकांस योग्य. चकाच्या मागें आंकडे कोरलेली एक कडी असते. तिला क्लच म्हणतात. ज्या आंकड्यावर ती ठेवावी तेवढाच पीळ स्क्रूस मिळतो. त्याहून अधिक अडथळा आला कीं कटकट असा आवाज होतो आणि स्क्रू पुढें फिरत नाहीं. पुष्कळ ड्रिलांवर हातोडीचेंहि चिन्ह असतें. तें लाविलें असतां बिट फिरतां फिरतां पुढच्या बाजूस बारीक ठोके देतें; विटांच्या भिंतीस भोक पाडण्यास हे ठोके लागतात.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हें स्क्रू व लहान बोल्ट कसण्यासाठीं केलेलें यंत्र आहे. त्यास चक नसतो. पाव इंची षट्कोनी दांड्याचें बिट बसेल अशी खांच असते. त्याची युक्ति शेतकऱ्यास नवी नाहीं. गंजलेला नट पान्यास कितीहि हिसके दिले तरी सुटत नाहीं. पण पान्याच्या दांड्यावर हातोडीचे चार ठोके मारतांच सुटतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या पोटांत हेंच घडतें. आंत एक जड हातोडा, एक ऐरण आणि एक स्प्रिंग असते. स्क्रू सहज जात आहे तोंवर हातोडा व ऐरण एकत्र फिरतात. अडथळा वाढला कीं हातोडा तिरप्या चऱ्यांतील गोळ्यांवरून मागें सरतो, स्प्रिंग दबते, हातोड्याचे दांत ऐरणीच्या दांतांपासून सुटतात, आणि स्प्रिंगच्या जोरानें तो पुढें उसळून फिरण्याच्या दिशेनें ऐरणीवर आदळतो. असे आघात मिनिटास तीन हजारांच्या आसपास होतात.

ह्या रचनेमुळें दोन लाभ होतात. पहिला लाभ शक्तीचा. पीळ न्यूटन-मीटर ह्या मापानें मोजतात. एक मीटर लांब आडव्या पान्याच्या टोकास दहा किलोंचें वजन टांगलें असतां जवळजवळ १०० न्यूटन-मीटर पीळ पडतो. १८ व्होल्टचें साधारण ड्रिल ५० ते ६० न्यूटन-मीटर पीळ देतें. तेवढ्याच व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर १५० ते १८० देतो. मात्र हा दुसरा आंकडा क्षणिक आघाताचा आहे, सतत लागणाऱ्या जोराचा नव्हे, हें खरेदीच्या वेळीं लक्षांत ठेवावें. दुसरा लाभ मनगटाचा. ड्रिलचें बिट लोखंडांत अडकलें म्हणजे यंत्र उलट फिरून मनगट पिरगाळतें. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा जोर तुटक ठोक्यांनीं जातो, म्हणून तो हातास फारसा जाणवत नाहीं.

परंतु जेथें लाभ तेथेंच हानि. बहुतेक इम्पॅक्ट ड्रायव्हरांस क्लच नसतो. कांहींस वेगाच्या पायऱ्या असतात; पण त्या क्लचचें काम करीत नाहींत. कोठें थांबावें हें सर्वस्वीं बोटावर अवलंबून राहतें, आणि सेकंदास पन्नास आघात होत असतां बोट उशीरच करतें. आमच्या चाळीवर झालें तें हेंच. वायसर चिरडला, म्हणून पाणी आलें; पातळ नळींतील आटे खरवडले गेले, म्हणून स्क्रूची पकड गेली. वरून पाहणाऱ्यास स्क्रू घट्ट बसलेला दिसतो. पण वाऱ्यानें पत्रा उचलला कीं तो स्क्रू सुळकन वर येतो. स्वतःच भोक पाडून बसणारे पत्र्याचे स्क्रू बनविणारे अनेक कारखानदार ते इम्पॅक्टनें कसूं नयेत, असें याच कारणास्तव सांगतात.

आतां कोणतें काम कोणत्या यंत्रानें करावें, तें सांगतों.

पत्रे बसविणें हें क्लच असलेल्या ड्रिलचें काम आहे. क्लच प्रथम कमी आंकड्यावर ठेवून एक स्क्रू बसवावा आणि वायसर नीट बसेपर्यंत एकेक आंकडा वाढवावा. रबर किंचित दबून वरील धातूच्या चकतीच्या कडेबरोबर आलें म्हणजे पुरें. तें बाहेर फुगून आलें तर अधिक झालें, आणि वायसर हातानें हलला तर कमी झालें. स्क्रू पत्र्याशीं काटकोनांत असावा. तिरपा गेला तर वायसर एकाच बाजूस दबतो.

ठिबकच्या पी.व्ही.सी. नळीस ग्रोमेटसाठीं भोकें पाडणें, हेंहि ड्रिलचेंच काम. आघातानें नळीस बारीक तडा जातो, आणि तो पाण्याचा दाब आल्यावरच दिसतो. भोक ग्रोमेटच्या मापाचें पाडून कडा साफ कराव्या. अँगलला किंवा पट्टीला भोक पाडणें असेल तर सावकाश वेग लावावा, तेलाचे दोन थेंब टाकावे, आणि पट्टी शिकंज्यांत घट्ट धरावी. बिट आरपार निघतांना अडकण्याचा संभव सर्वांत अधिक. त्या वेळीं दाब कमी करावा. विटांच्या भिंतीवर स्टार्टरची पेटी बसविण्यास हातोडीचें चिन्ह लावावें. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबास मात्र रोटरी हॅमर नांवाचें वेगळें यंत्र लागतें. इम्पॅक्ट ड्रायव्हरचे ठोके फिरण्याच्या दिशेचे असतात, पुढच्या दिशेचे नसतात. म्हणून भिंतीस त्याचा उपयोग नाहीं.

उलट, बाभळीच्या किंवा सागाच्या खांबांत लांब जाड स्क्रू घालणें, गोठ्याची गव्हाण व फाटक जोडणें, कल्टिव्हेटरच्या फाळांचे नट काढणें-घालणें, हीं कामें इम्पॅक्ट ड्रायव्हर ड्रिलपेक्षां पुष्कळ लवकर व कमी श्रमांत करतो. कठीण लांकडांत मात्र आधीं ड्रिलनें बारीक भोक पाडून घ्यावें, नाहींतर लांकूड चिरतें. बिटें आघात सोसणारींच घ्यावींत. साधीं बिटें तुटून डोळ्यांत उडण्याचें भय असतें. ट्रॅक्टरच्या मागील चाकाचे नट दोन्हीं यंत्रांच्या आवांक्याबाहेरचे होत; त्यांस अर्धा इंच किंवा त्याहून मोठ्या चौकोनी तोंडाचा इम्पॅक्ट रेंच पाहिजे, आणि शेवटचा कस हातपान्यानेंच घ्यावा.

ज्यास एकच यंत्र घेणें शक्य आहे त्यानें ड्रिल घ्यावें. १८ व्होल्टचें, १३ मिलिमीटर चकाचें, क्लच व हातोडी असलेलें. ड्रिल स्क्रूहि कसतें, सावकाश कां होईना. इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र ड्रिलचीं निम्मीं कामें करूं शकत नाहीं. पुढें सवड झाल्यास त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर बॅटरीवांचून घ्यावा. बराच खर्च वांचतो.

व्होल्टच्या आंकड्यांनीं फसूं नये. लिथियमचा एक घट सरासरी ३·६ व्होल्टचा आणि पूर्ण भरला म्हणजे ४·२ व्होल्टचा असतो. पांच घट जोडले कीं सरासरी १८ व भरलेले असतां २१ व्होल्ट होतात. म्हणून १८, २० व २१ लिहिलेलीं यंत्रें पुष्कळदां एकाच शक्तीचीं असतात. कांहीं निनांवी यंत्रांवर ४८ किंवा ८८ असे आंकडे छापलेले आढळतात. आंत तेच पांच घट निघतात. खरा साठा व्होल्टास अँपिअर-तासांनीं गुणून काढावा: १८ व्होल्टची २ अँपिअर-तासांची बॅटरी ३६ वॉट-तासांची, आणि ४ ची ७२ ची. भरलेली बॅटरी वैशाखांत ट्रॅक्टरच्या पेटींत किंवा पत्र्याखालीं ठेवूं नये. उष्णतेनें तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें.

काम करतांना डोळ्यांस चष्मा असावा. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज कानठळ्या बसविणारा असल्यामुळें कानांत बोळे घालावे. उपरण्याचे किंवा सदऱ्याचे सैल पदर आधीं आवरावे.

आमच्या चाळीवरील स्क्रू गेल्या चैत्रांत आम्ही दुसऱ्यानें बसविले. आटे गेलेल्या ठिकाणीं एक माप जाड स्क्रू घातले, वायसर सर्व नवे, आणि काम ड्रिलच्या क्लचवर केलें. त्यास एक दिवस लागला नाहीं, तीन लागले. त्यानंतरच्या पावसाळ्यांत एक थेंब गळला नाहीं. पत्रा घातल्याच्या आठव्या दिवशीं वाचकांनीं शिडी लावून आपापले दहा स्क्रू बोटांनीं फिरवून पाहावे. एकहि फिरला तर आकाशांत ढग येण्याची वाट पाहूं नये.