जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी

पुण्यात वापरलेल्या लॅपटॉपची खरेदी-विक्री बारमाही चालते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे आणि शिक्षणासाठी शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे तिला गिऱ्हाइकांची वाण नसते, आणि बुधवार पेठेतील तपकीर गल्लीपासून घरी येऊन यंत्र घेऊन जाणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांपर्यंत तिचा पसारा आहे. भाव ठरताना प्रोसेसर, रॅम, बॅटरी आणि पडद्यावरचे चरे बारकाईने पाहिले जातात. डिस्कवर मागे राहिलेली माहिती मात्र विकणाऱ्याच्याही लक्षात नसते.

फाइल ‘डिलीट’ करून रिसायकल बिन रिकामा केला, तरी हार्ड डिस्कवरून सहसा त्या फाइलची नोंद तेवढी निघते. ग्रंथालयाच्या सूचीतले कार्ड फाडले तरी पुस्तक कपाटातच राहावे, तसा मूळ मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकून असतो आणि सहज मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत वाचता येतो. ‘क्विक फॉरमॅट’ची गतही हीच. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या संशोधकांनी अमेरिकेत १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या; २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या, आणि उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले.

मध्यमवर्गीय मराठी घरातील लॅपटॉपवर आधार, पॅन, फॉर्म १६, सदनिकेचा इंडेक्स टू, गावाकडचा सातबारा आणि बँकेची विवरणपत्रे बहुधा एकाच फोल्डरमध्ये असतात, आणि धोका या एकत्र असण्यातच आहे. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष, तर प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्ड म्हणजे पॅन क्रमांक आणि जन्मतारीख. म्हणजे शेजारीच पडलेले पॅन कार्डाचे छायाचित्र या दोन्ही कुलपांची किल्ली ठरते.

पुसण्याची योग्य रीत डिस्कच्या प्रकारावर अवलंबून असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सर्वत्र एकदा नवे लेखन केले तरी सर्वसाधारण वापरासाठी पुरते. सात किंवा पस्तीस वेळा पुसण्याचा आग्रह जुन्या काळातला आहे. एसएसडीचे तसे नाही. या प्रकारात माहिती इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये साठते आणि चिपची झीज सारखी व्हावी म्हणून डिस्क स्वतःच लेखनाच्या जागा बदलत राहते, त्यामुळे वरून पुनर्लेखन केले तरी जुना मजकूर कुठेतरी शिल्लक राहू शकतो. यावर त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय म्हणजे एन्क्रिप्शन, अर्थात किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात सारी माहिती बदलणे, आणि मग ती किल्लीच नष्ट करणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीतील बिटलॉकर सुरू करताना वापरलेली जागाच की संपूर्ण ड्राइव्ह, असा प्रश्न येतो. जुन्या यंत्रासाठी संपूर्ण ड्राइव्हच निवडावी, कारण पूर्वी डिलीट केलेल्या फाइली ‘रिकाम्या’ दिसणाऱ्या जागेतच असतात. त्यानंतर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि पुढे ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करावा. तो आपोआप चालू असेल असे गृहीत धरू नये. ॲपलच्या नव्या संगणकांत २०२१ च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ ही एकच आज्ञा पुरते. अर्थात या सर्वाआधी हव्या त्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती उघडते का, हे पाहिलेच पाहिजे.

डिस्क पुसली तरी खात्यांचा दुवा आपोआप सुटत नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यांच्या उपकरण-यादीतून तो लॅपटॉप काढावा, ‘फाइंड माय’ बंद करावे आणि मोबाइलवरील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधूनही त्याला लॉग आउट करावे.

लॅपटॉप गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाचा, कर सल्लागाराचा किंवा दवाखान्याचा असेल, तर हे काम स्वतःपुरते उरत नाही. त्यात सभासदांचे नामनिर्देशन अर्ज, अशिलांची विवरणपत्रे, रुग्णांचे अहवाल असतात आणि ते उघड झाल्याचे परिणाम अशांना भोगावे लागतात ज्यांना यंत्र विकले गेल्याची वार्ताही नसते. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने निव्वळ घरगुती वापर वगळला असला, तरी व्यवसायासाठी इतरांची माहिती बाळगणाऱ्यांवर तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. अशा यंत्रातून डिस्क काढून घेऊन ते डिस्कविना विकणे अधिक योग्य. भाव थोडा कमी येईल, तो येऊ द्यावा.

सुरूच न होणारा लॅपटॉप भंगारात देताना लोक सर्वांत निर्धास्त असतात, पण मदरबोर्ड जळला तरी डिस्क शाबूत असू शकते आणि दुसऱ्या संगणकाला जोडून ती वाचता येते. ती काढता येत असल्यास आधी काढून घ्यावी, हार्ड डिस्कच्या तबकड्यांना आरपार भोके पाडावीत, एसएसडीतील प्रत्येक चिप फोडावी, आणि बॅटरीला धक्का न लावता उरलेले यंत्र अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे.